गोंचे म्हणजे काय

"ज्या शहाण्याने ही जुनी वायर आधीच ओढून काढली ना बाई, तो मला एकदा भेटायलाच हवा," भिंगरीचे बाबा माझ्या स्वयंपाकघरातल्या शिडीवरून म्हणाले.

ते वायरमन आहेत. वरच्या मजल्यावर राहतात. माझ्या घरातल्या वायरी जुन्या होऊन कडक झाल्या होत्या, म्हणून सुट्टीच्या दिवशी सवडीने एकेक खोली बदलून देत होते. बाकीच्या खोल्या झरझर झाल्या. भिंतीतल्या पाइपात जुनी वायर असते. तिच्या टोकाला नवी बांधायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि दुसऱ्या बाजूने जुनी ओढायची. जुनी बाहेर येते आणि येता येता नवीला पाइपातून आणून सोडते. स्वयंपाकघरातला पाइप मात्र पूर्वी कुणीतरी रिकामा करून ठेवला होता. त्या वळणावळणाच्या पाइपातून नवी वायर नुसती ढकलताना बाबांना घाम फुटला होता. दुसऱ्या टोकाला भिंगरी स्टुलावर चढून पाइपाच्या तोंडाला डोळा लावून उभी होती.

"आली का?"

"नाही."

"आता?"

"बाबा, एक मुंगी आली."

भिंगरी हे तिचे शाळेतले नाव नव्हे. पण एका जागी कधी टिकत नाही म्हणून इमारतीतल्या सगळ्यांनी तिला हेच नाव देऊन टाकले आहे. दुपारी शाळा सुटली की ती आधी माझ्याकडे येते. मी शाळेतून निवृत्त झाले तरी मुलांना अजून बाईच आहे. मुले येतात, काहीतरी विचारतात, मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनाच दुसरे काहीतरी विचारते, ती वैतागतात आणि तरी दुसऱ्या दिवशी येतात.

शेवटी कशीबशी वायर आली. शिडीवरून उतरून हात पुसता पुसता बाबांनी बातमी सांगितली. इतकी वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम केले, आता त्यांनी स्वतःचे दुकान घेतले होते. बाजाराच्या तोंडाशी, लहानसे, पण स्वतःचे. येत्या रविवारी पेंटर पाटी रंगवायला येणार होता.

"अरे वा! मग पाटीवर काय, गोंचे इलेक्ट्रिकल्स?" मी विचारले.

बाबांचा चेहरा उतरला. भिंगरी स्टुलावरून उडी मारून खाली आली आणि म्हणाली, "नाही बाई. आम्ही राजहंस होणार आहोत."

"काय होणार आहात?"

"राजहंस. आडनाव. आधी पाटीवर, मग कागदोपत्री, मग शाळेत. मग मला कुणी गोचीड म्हणणार नाही."

"बाई, तुम्हीच सांगा," बाबा म्हणाले, "लहानपणापासून ऐकतोय मी. शाळेत गोचीड. जुन्या मालकाकडे तर फोन आला की साहेब ओरडायचे, 'गोचीला पाठवा रे!' गिऱ्हाईक पलीकडून हसायचं. आता सांगा, ज्याच्या नावातच गोची आहे त्याला घरातल्या विजेला हात लावू द्याल तुम्ही?"

"मी तर दिलाय," मी म्हणाले.

"तुम्ही शेजारी म्हणून. गिऱ्हाईक नाही देणार."

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मी एवढेच विचारले, "पण गोंचे म्हणजे काय?"

"काही नाही. काहीच नाही! हीच तर गंमत आहे. लोहार म्हटलं की लोखंड आलं, कुलकर्णी म्हटलं की हिशेब आले. आमच्या आडनावाला अर्थच नाही. असता तर ठेवलं असतं. उगाच एक आवाज किती पिढ्या गळ्यात अडकवून फिरायचं?"

त्यांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ते गेले. भिंगरी मात्र दारातच थांबली. तिच्या कपाळावर ती एक उभी आठी पडली होती, जी पडली की मला बरे वाटते.

"बाई, अर्थच नसलेला शब्द असतो?"

"तुला काय वाटतं?"

"असं कसं होईल? पहिल्यांदा कुणीतरी तो म्हणाला असेल ना? मग म्हणताना त्याला काहीतरी म्हणायचं असेलच की."

"मग शोध."

"आणि सापडला तर? बाबा म्हणाला ना, असता तर ठेवलं असतं."

"म्हणाला खरा," मी म्हटले. "पण तुला तर राजहंस व्हायचं होतं."

"ते व्हायचंच आहे," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण आत्याआजी दोन दिवस बाबाशी बोलत नाहीये."

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. त्यांनी लग्न केले नाही. वडील लवकर गेलेल्या या भाच्याला त्यांनीच शिवणकाम करून वाढवले. त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे मशीन आहे आणि आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाच्या अंगावर त्यांच्या हातची एक तरी शिवण आहे. भिंगरीच्या मागून मी वर गेले तेव्हा त्या एका परकराला नेफा घालत होत्या.

"आलात बाई? या. बसा. राजहंसांच्या घरी आलात, जपून बसा. पिसं-बिसं लागतील."

"तुमचा राग मी ऐकला."

"राग कसला? एवढंच म्हटलं मी त्याला, की बाबा रे, मला आडनाव बदलायचं असतं तर लग्न नसतं का केलं? चांगली स्थळं येत होती. तेव्हा नाही बदललं, आता या वयात भाच्यापायी बदलू? तो म्हणतो, तू नको बदलूस. म्हणजे एका घरात हे सगळे राजहंस आणि मी एकटी गोंचे! दारावर दोन पाट्या लावा म्हणावं. आणि राजहंस तरी कशाला? या घरात कुणाची मान लांब आहे?"

भिंगरी खुदकन हसली. मी म्हटले, "आत्याबाई, ही अर्थ शोधायला निघालीय."

मशीनचे चाक थांबले. "कसला अर्थ?"

"आडनावाचा. तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी परकर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नाही हो. कधी कुणी सांगितलाच नाही. आणि आपण तरी कुठे विचारतो?"

आम्ही माझ्याकडचा जाडजूड शब्दकोश उघडला. गोंडा होता, गोंद होता, गोंधळ होता. गोंच नव्हता. भिंगरीने शाळेतल्या बाईंना विचारले, ग्रंथपालांना विचारले, दूधवाल्याला विचारले, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांनाही विचारले. आजोबा म्हणाले, "असेल काहीतरी गोची," आणि स्वतःच्याच विनोदावर पुढच्या थांब्यापर्यंत हसत राहिले. ती घरी आली ती तणतणतच.

"शब्दच कुणाला माहीत नाही! फक्त आमच्या दारावर आहे."

"मग शब्द सोड," मी म्हटले. "शब्द सापडत नाही तेव्हा माणूस शोधायचा. तुमच्या घरात पूर्वी कोण काय करत होतं?"

हा प्रश्न आम्ही आत्याआजींकडे नेला. आत्याआजींचे वडील कारखान्यात होते, हे साऱ्यांना ठाऊक होते. आणि त्यांचे वडील?

"आजोबा?" आत्याआजींनी सुई दातांत धरली, काढली, परत धरली. "आजोबा मी पाच-सहा वर्षांची असताना गेले. घर सोडलं त्याच सुमारास. मला काही आठवत नाही. कापडाचं काहीतरी करायचे म्हणे. मला फक्त एक खड्डा आठवतो."

"खड्डा?" भिंगरी जवळजवळ मशीनवरच चढली.

"घरात. बाहेरच्या खोलीत, जमिनीत. त्यात पाय सोडून आजोबा बसायचे. दिवसभर. मला वाटायचं, त्यांना पायच नाहीत. जेवायला उठले की पाय यायचे."

अशी आठवण ऐकली की भिंगरीसारख्या मुलीला दुसरे काही सुचत नाही. त्या संध्याकाळी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी माझ्या ओसरीवर बसून खड्ड्याचा निकाल लावायचा प्रयत्न केला.

"विहीर असेल, लहान."

"विहिरीत पाय सोडून दिवसभर कोण बसतं? पाय कुजतील."

"खजिना असेल. राखण करत असतील."

"मग हे लोक श्रीमंत नसते का झाले? हिच्याकडे तर साधी रंगपेटी नाही."

"आहे! निळा संपलाय फक्त."

मला उत्तर कळले होते. पण सांगितलेले उत्तर मुलांच्या हातावरून घसरून जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मी एवढेच म्हटले, "विहीर आणि खजिना दोन्हींत कापड कुठाय? आत्याआजी काय म्हणाल्या, आठवा. कापड हवं आणि खड्डा हवा. आणि पाय काय करत असतील ते शोधा. माणूस वर बसला असताना पाय कुठे कामाला येतात?"

भिंगरीचे डोळे हळूहळू मोठे झाले. "आत्याआजीच्या मशीनला! पायाने चालवते ती!"

"मग?"

"मग खड्ड्यात मशीन होतं. पायाचं. कापड शिवायचं..." ती थांबली. "नाही. कापड करायचं. माग!"

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. बाजारामागच्या गल्लीत एक बाई हातमागावर शाली आणि सतरंज्या विणते. कपड्यांच्या दुकानांना देते, कुणी आले तर शिकवतेही. मी दुपारी भिंगरीला घेऊन निघाले. आत्याआजी "मला परकर द्यायचाय" म्हणत होत्या, पण चपला त्यांनीच आधी घातल्या.

विणकरीणबाईची खोली लांबट आणि उजेडाची होती. कोपऱ्यात रंगीत सुताच्या लडी टांगलेल्या, भिंतीशी चरखा, आणि मधोमध तिचा माग. खड्ड्यात नव्हता, लाकडी चौकटीवर उभा होता, पण खाली पायपट्ट्या होत्याच. आत्याआजी आत आल्या आणि उंबऱ्यापाशीच थबकल्या.

"काय झालं?" मी विचारले.

"वास," त्या म्हणाल्या. "खळ घातलेल्या सुताचा. काही नाही. चला."

विणकरीणबाई मोकळ्या स्वभावाची होती. "या, या! बरोबर वेळेवर आलात. शाल आत्ताच पुरी झालीय, आता कापायची. ए छोटी, बघायचंय ना? अशी समोर ये." तिने भिंगरीला मागाच्या बैठकीवर बसवले. उभे दोरे कसे मागच्या रुळावरून येतात, प्रत्येक दोरा मधल्या सुताच्या एकेका फाशातून कसा ओवलेला असतो, तिथून फणीच्या दातांमधून कसा पुढे येतो, ते तिने बोटाने दाखवले.

"एवढे सगळे दोरे? एकेक ओवायचा?" भिंगरीने विचारले.

"एकेक. आणि एक चुकला तर सगळी नक्षी चुकली."

"मला तर सुईत एक ओवता येत नाही," भिंगरी म्हणाली. "आत्याआजी कधी सुई रिकामी ठेवतच नाही, म्हणून बरंय."

हे खरे होते. आत्याआजींच्या सुईत दोऱ्याचा एक तुकडा नेहमी असतो, काम संपले तरी. मी विचारले तर म्हणायच्या, "सवय आहे हो, आमच्यात रिकामी ठेवत नाहीत."

विणकरीणबाईने कात्री घेतली आणि फणीच्या पुढून शाल कापली. शाल तिच्या मांडीवर आली. फणीच्या तोंडातून मात्र दोऱ्यांची टोके बाहेर लोंबत राहिली, विस्कटलेली, शेकडो. तिने भराभरा त्यांचे झुबके करून प्रत्येक झुबक्याला सैल गाठ मारली. तेवढ्यात दारात कुणी गिऱ्हाईक आले. "आलेच हं," म्हणून ती उठली.

भिंगरी बैठकीवर एकटी. समोर कापून झालेले काम आणि त्यात राहिलेली ही घाणेरडी टोके. आमच्या भिंगरीला मदत करायची फार हौस. "मी साफ करून ठेवते," असे म्हणत तिने एक झुबका मुठीत धरला, गाठ सोडली आणि ओढायला लागली.

"अगं, गोंच! गोंच ओढू नकोस! सोड!"

मी दचकले. भिंगरीने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. दारातले गिऱ्हाईक बघत राहिले. आणि सगळ्यांत जास्त दचकल्या होत्या आत्याआजी स्वतः. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता, जणू तो आवाज दुसऱ्याच कुणाचा होता.

"काय म्हणालात?" विणकरीणबाई धावत परत आली. आधी तिने झुबका तपासला. दोन-तीन दोरेच सुटले होते, तिने ते ओवून घेतले, गाठ पुन्हा मारली. मग वळली. "काय म्हणालात तुम्ही याला?"

"गोंच," आत्याआजी पुटपुटल्या. "ही... ही गोंच आहे. ही काढायची नसते." त्या खाली बैठकीच्या कडेवर बसल्या. "बाई, मी ओढली होती. सगळी. आजोबा जेवायला उठले होते. मला वाटलं, केस विंचरतात तसं करू. आजीच ओरडली, 'अगं, गोंच ओढू नकोस!' पण तोवर झालं होतं. आजोबा मला काही बोलले नाहीत. नंतर कितीतरी दिवस ते खड्ड्यात वाकून एकेक दोरा ओवत बसले होते. मी जवळ बसायचे. मला वाटायचं, आता यांचे पाय कधीच परत यायचे नाहीत."

मग भिंगरीने, थोडे घाबरतच, विचारले, "पण ती ठेवायची कशाला?"

विणकरीणबाईने उत्तर तोंडाने दिले नाही. तिने मागच्या रुळावर नव्या उभ्या दोऱ्यांचा ताणा चढवायला घेतला, निळ्या सुताचा. एक निळा दोरा घेतला आणि मागच्या बाजूला जुन्या पांढऱ्या टोकाला गाठला. मग दुसरा. मग तिसरा. एक झुबका पुरा गाठून झाल्यावर ती पुढे आली आणि फणीतून बाहेर लोंबणारी पांढरी टोके हलक्या हाताने ओढली. ओढता ओढता पांढरे संपले, आणि फाशांतून, दातांतून, एकही न चुकता, निळे बाहेर आले.

"परत ओवायला लागत नाही," ती म्हणाली. "जुन्याला वाट माहीत असते. आम्ही आपलं याला शेपटं म्हणतो. माझ्या मास्तरांनी तोच शब्द शिकवला. गोंच मी कधी ऐकला नाही. छान आहे हो. शेपटापेक्षा छान आहे."

"आमचं आडनाव आहे!" भिंगरी ओरडली. "गोंचे! आम्ही गोंचे आहोत!"

"म्हणजे तुमच्यात कुणीतरी ही गाठणी करण्यात पटाईत असणार," विणकरीणबाई म्हणाली. "हे सगळ्यांना नाही जमत. आमच्याकडेही अशी एखादीच असते, गावभर तिलाच बोलावतात."

असेल. किंवा कुणीतरी एकदा गोंच ओढून टाकली असेल आणि लोकांनी चिडवून नाव ठेवले असेल. नावे दोन्ही प्रकारे पडतात. मी परतताना हे म्हणून दाखवले तर आत्याआजी म्हणाल्या, "मग ते माझ्यावरून पडलं म्हणा," आणि त्या इतक्या हसल्या की रस्त्यात त्यांना थांबावे लागले.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा भिंगरीने त्यांना बूटही नीट काढू दिले नाहीत. सगळे एका दमात सांगितले. खड्डा, पाय, वास, झुबका, निळा दोरा. मी मुद्दाम वर गेले होते.

बाबांनी मोजे काढता काढता ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे कापड कापल्यावर मागे उरतात ती दोऱ्यांची टोकं."

"हो!"

"उरलेली. म्हणजे चिंध्याच की."

"चिंध्या नाही रे बाबा..."

"राणी, तू मेहनत केलीस, शाब्बास. पण अर्थ निघाला तोही उरल्यासुरल्याचा. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? आम्ही कापून उरलेली टोकं? त्यापेक्षा गोचीड बरा, तो जिवंत तरी असतो."

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. आत्याआजींनी मशीनवर झाकण ओढले आणि त्या आत गेल्या. माझ्या जिभेवर बरेच काही आले होते. पण शिकवणाऱ्याला गप्प बसणेही शिकावे लागते, आणि हे घर माझे नव्हते.

रविवारी सकाळी मी दुकान बघायला गेले. खरे तर भिंगरीला बघायला गेले. ती कालपासून माझ्याकडे फिरकली नव्हती.

दुकानाच्या बाहेर पेंटर स्टुलावर बसून चहा पीत होता. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली, पांढरा हात दिलेला, उजवीकडे लाल अक्षरांत 'इलेक्ट्रिकल्स' लिहून तयार. डावीकडे कोरी जागा. "मालक म्हणाले, नाव शेवटी सांगतो," पेंटर म्हणाला. "म्हटलं, बारशाला बोलावलंय की पाटीला?"

आत बाबा दुकानाचीच वायरिंग बदलत होते. आधीच्या भाडेकरूच्या जुन्या वायरी भिंतीतल्या पाइपांत होत्या. बाबा शिडीवर एका टोकाला, भिंगरी खाली दुसऱ्या टोकाला, तोंड फुगवून. बोलणे कामापुरते.

"खालचं टोक दिसतंय का?"

"हं."

"धर. मी सांगेन तेव्हा ओढ."

बाबा वर चिकटपट्टी शोधू लागले. खिशात नाही, पेटीत नाही. भिंगरीला राग होता आणि हातात काळपट, कडक झालेली जुनी वायर होती. तिने ती ओढायला सुरुवात केली. वरचे टोक सरसर आत जायला लागले.

"अगं, ओढू नकोस! सोड! आधी बांधू दे!" बाबांनी शिडीवरूनच झेप घेऊन शेवटचे वीतभर टोक मुठीत पकडले. "पूर्ण निघाली असती ना! मग दिवसभर बसलो असतो ढकलत! जुनी काढून टाकली तर नवी जाणार कशी?"

भिंगरीने हात सोडला. पण घाबरून नव्हे. तिच्या कपाळावर ती उभी आठी होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू अगदी आत्याआजीसारखा ओरडलास."

"म्हणजे?"

"काल. मागावर. हेच म्हणाली ती. ओढू नकोस, सोड. फक्त ती वायर नाही म्हणाली."

बाबा शिडीवर तसेच राहिले. एका हातात जुनी वायर, दुसऱ्या हातात नवी. ते त्या दोन टोकांकडे बघत होते. त्यांनी हे काम किती वेळा केले असेल, कोण जाणे. पण मला वाटते, बघितले त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच.

"तिथेही असंच करतात?" त्यांनी विचारले. "जुन्याला बांधून?"

"मी कालपासून तेच सांगतेय! पांढऱ्याला निळा बांधला आणि निळा आपोआप आला. पण तू चिंध्या म्हणालास."

"तू टोकं उरतात म्हणालीस. ओढून नवं आणतात हे म्हणालीच नाहीस."

"म्हणाले! तू तेव्हा मोजा काढत होतास!"

बाबा हसले. मग हसू आवरून त्यांनी वायरींची टोके एकमेकांत पिळली, पट्टी सापडली नव्हती म्हणून पेटीतला जुना दोरा दातांनी तोडून तोच गुंडाळला, आणि म्हणाले, "ओढ. हळू."

भिंगरीने ओढली. काळी संपली आणि पाइपाच्या तोंडातून लाल, नवी, चकचकीत वायर बाहेर आली. दोघे एक क्षण तिच्याकडे बघत राहिले, जणू असे काही आधी कधी झालेच नव्हते.

"साहेब," पेंटर दारातून म्हणाला, "रंग सुकतोय. राजहंस ना? तुम्ही परवा म्हणाला होतात. मला हंसाचं चित्रपण काढता येतं, त्याचे वेगळे पैसे नाही घेणार."

बाबा शिडीवरून उतरले. हात पुसले. भिंगरीकडे बघितले नाहीत, माझ्याकडेही नाहीत.

"गोंचे लिहा," ते म्हणाले.

"काय?"

"गोंचे. आणि अनुस्वार असा काढा, की रस्त्याच्या त्या टोकावरून दिसला पाहिजे. चुकूनही कुणी गोची वाचता कामा नये."

"पण हंस..."

"हंस नको आता."

भिंगरी दारातून बाहेर पडली ती धावतच. आत्याआजींना सांगायला गेली हे कुणी सांगायला नको होते. त्या आल्या तेव्हा अनुस्वार ओला होता. चांगला लिंबाएवढा. त्यांनी पाटीकडे मान वाकडी करून बराच वेळ पाहिले आणि भाच्याला म्हणाल्या, "अक्षर तिरकं आलंय."

"येऊ दे."

"येऊ दे तर येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने त्याच्या गालावरची धूळ पुसली. इतक्या दिवसांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

शाळेत मुले अजूनही भिंगरीला गोचीड म्हणतात. पण आता जो म्हणतो त्याला ती धरून बसवते आणि खड्ड्यापासून सुरुवात करून सगळी हकीकत सांगते. त्यामुळे म्हणणारे कमी झाले आहेत.

परवा बाबा माझ्याकडे आले होते. स्वयंपाकघरात आणखी एक दिवा हवा होता. तोच तो हट्टी पाइप. नव्या वायरीबरोबर त्यांनी एक लांब नायलॉनची दोरीही पाइपातून ओढून घेतली आणि काम आटपल्यावर तिची दोन्ही टोके दोन बाजूंना बाहेर ठेवली.

"ही कशाला?" मी विचारले.

ते शिडी उचलत होते. मी काही विशेष विचारले आहे असे त्यांना वाटलेही नसावे.

"राहू द्या आत," ते म्हणाले. "गोंच आहे. पुढच्याला लागेल."